कडकड नेमकी कुठून येते, ते आधी बघ

सांगलीजवळच्या एका बावीस वर्षांच्या पोरानं विचारलंय: "दादा, एफएल स्टुडिओवर रिमिक्स आणि स्वतःचे ट्रॅक करतो. लॅपटॉप चार वर्षं जुना, ८ जीबी रॅमचा. पंचवीस-तीस ट्रॅक झाले की प्ले करताना कडकड आवाज येतो. ८०,००० रुपये जमवलेत. मित्र म्हणतो गेमिंग लॅपटॉप घे, ग्राफिक्स कार्डाशिवाय काही खरं नाही. क्लासचे सर म्हणतात मॅकशिवाय म्युझिक होत नाही. काय घेऊ?"

इतके पैसे घरी राहून जमवायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे, म्हणून जरा लांबड लावतो. मित्र आणि सर दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलतायत. त्यामुळंच घोटाळा होतो.

पैसे सध्या कपाटातच राहू देत. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर कडकड येणारा तोच प्रोजेक्ट उघड आणि प्ले कर. एफएलच्या वरच्या पट्टीत सीपीयूचा आकडा दिसतो, तो बघ. मग टास्क मॅनेजर उघडून तिथला बघ. बहुतेक वेळा एफएलचा काटा नव्वदच्या पुढं असतो आणि टास्क मॅनेजर म्हणतो तीस-चाळीस टक्के. पोरं म्हणतात, प्रोसेसर निम्मा रिकामा बसलाय, मग हा एफएलचाच दोष. तसं नाही. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत.

४४,१००च्या सॅम्पल रेटला एका सेकंदात ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, लागतात. कॉम्प्युटर ते एकेक करून देत नाही, घाणा काढावा तसे एकदम देतो. त्या घाण्याचा आकार म्हणजे बफर. बफर ५१२ असेल तर एक घाणा ११.६ मिलिसेकंद पुरतो, आणि तेवढ्यात पुढचा तयार व्हायलाच हवा. पंगत आठव. पानातला भात संपायच्या आत वाढप्यानं यायला हवं. त्यानं दिवसभरात दोन हजार पानं वाढली असतील, पण या पानावर भात संपला आणि तो दिसेना, तर जेवणारा हात राखून बसणार. तो क्षण म्हणजे तुझी कडकड. एफएल मोजतो ते दिलेल्या वेळापैकी किती वेळ खर्ची पडला. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांची, सरासरी काढतो. सरासरीनं पंगत जेवत नाही.

बाकीचे कोअर रिकामे का बसतात? तुझ्या बेसलाइनवर सिंथ आहे, पुढं डिस्टॉर्शन, मग इक्यू, मग रिव्हर्ब. सिंथचं झाल्याशिवाय डिस्टॉर्शनला हात घालता येत नाही. फोडणी झाल्याशिवाय भाजी टाकता येत नाही, आणि एका कढईभोवती दहा आचारी उभे केले म्हणून ती भाजी लवकर शिजत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या शेगड्यांवर जातात, तिथं जास्त कोअरचा फायदा होतो. पण शेवटी सगळं मास्टरवर येतं, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनलवर. तुम्ही रिमिक्सवाले मास्टरवर चार-पाच जड प्लगइन (इक्यू, रिव्हर्बसारखे जोडप्रोग्रॅम) रचून ठेवता, त्यातला लिमिटर आठपट ओव्हरसॅम्पलिंगवर, म्हणजे तेच काम आठपट बारकाईनं, आणि मग तिसाव्या ट्रॅकला दोष देता. म्हणून म्युझिकच्या कॉम्प्युटरमध्ये पहिला मान एका कोअरच्या वेगाला. किती कोअर आहेत ते नंतर.

आता जुन्या मशीनवर हे करून बघ. ऑडिओ सेटिंगमध्ये एफएल स्टुडिओ एसिओ (आवाज कमी उशिरानं पोचवणारा ड्रायव्हर) निवडलंय ना? नसेल तर निवड. बफर १०२४ कर. त्याच पानावर अंडररन्सचा आकडा असतो, म्हणजे कितीदा भात उशिरा आला त्याची नोंद. तो वाढायचा थांबतो का बघ. टूल्समधल्या मॅक्रोजमध्ये जाऊन सगळ्या प्लगइनना स्मार्ट डिसेबल लाव, म्हणजे आवाज नसेल तेव्हा ते आपोआप झोपतात. मास्टरवरचं सगळं बंद करून मिक्सिंगच्या वेळीच चालू कर. झालेले ट्रॅक कन्सॉलिडेट करून ऑडिओ करून टाक. चार्जर लावलेला हवा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. एवढ्यानं काम भागलं तर मला शिव्या न देता पैसे सहा महिने ठेव, चांगले स्पीकर येतील.

नाही भागलं तर लेटन्सीमॉन नावाचं, कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं विंडोजवरचं प्रोग्रॅम उतरवून दहा मिनिटं चालव. घरगुती वापराला फुकट आहे. याचं महत्त्व मला उशिरा कळलं. माझ्या एका लॅपटॉपवर दर थोड्या वेळानं एक बारीक 'टक' यायची, प्रोजेक्टमध्ये दोनच ट्रॅक असले तरी. प्लगइन उडवले, विंडोज दोनदा नव्यानं टाकली, एका गायिकेचा अख्खा दिवस वाया घालवला. शेवटी लेटन्सीमॉनच्या ड्रायव्हर्सच्या यादीत नेटवर्कची एनडीआयएस फाईल सगळ्यात वर दिसली. वाय-फाय बंद केलं, टक गेली. प्रोसेसर चांगला होता, पण वाय-फायचा ड्रायव्हर मध्येच येऊन वाढप्याला धरून ठेवत होता. त्या यादीत वरती 'एनव्ही'नं सुरू होणारी लांबलचक नावाची फाईल असेल तर तो एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. 'एसीपीआय' असेल तर बॅटरी आणि पॉवरचं खातं. हे दुखणं महागड्या लॅपटॉपलाही असतं, आणि ते डब्यावर छापलेलं नसतं.

समज, जुनं मशीन खरंच थकलंय. तर दुकानात पहिली फसगत स्टिकरवर होते. आय७ म्हणजे आय५पेक्षा मोठा, हे गणित लॅपटॉपमध्ये चालत नाही. आकड्यांच्या शेवटी असलेलं अक्षर वाच. आय७-१३५५यू मध्ये जोरदार कोअर फक्त २, बाकीचे ८ काटकसरीचे, आणि त्याची मूळ वीज १५ वॉटची. आय५-१२४५०एच हा एका पिढीनं जुना, नावानं लहान, पण जोरदार कोअर ४, काटकसरीचे ४, आणि ४५ वॉट. दोन मिनिटं एक्सेल उघडून बघशील तर आय७ छान वाटेल. तुझा प्रोजेक्ट तासभर लूपवर चालवायचा असेल तर मी डोळे झाकून एच घेईन. एएमडीतही तसंच, यू टाळ, एचएस किंवा एच बघ.

याचं कारण उष्णता. मे महिन्यातली गोष्ट सांगतो. व्होकल घ्यायचे म्हणून सीलिंग फॅन बंद, खिडकी बंद, दाराखाली चादर कोंबलेली. पहिल्या टेकला सगळं गोड. तिसऱ्या टेकला लॅपटॉपचा पंखा विमानासारखा सुरू झाला, तो माइकमध्ये यायला लागला, आणि पाचव्या टेकला कडकड. प्लगइन एकही वाढवलेला नव्हता. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी जो प्रोजेक्ट सुरळीत चालला, तोच दुपारी दोन वाजता अडखळला. बारीक, सुबक लॅपटॉपमध्ये हे आधी होतं, कारण उष्णता बाहेर जायला वाटच नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये खोलीच चाळीसच्या आसपास जाते, म्हणून थंड स्टुडिओत बसून केलेल्या परदेशी व्हिडिओतल्या चाचण्या थोड्या हात राखूनच घे.

म्हणजे तुझा मित्र गेमिंग लॅपटॉप म्हणतो ते बरोबरच निघालं, फक्त कारण चुकीचं. त्या लॅपटॉपमध्ये एच प्रोसेसर असतो, मोठे पंखे असतात, आणि बहुतेकांत रॅमच्या दोन खाचा असतात. सिंथ, इक्यू, रिव्हर्बच्या नेहमीच्या कामात मात्र ग्राफिक्स कार्ड बसूनच असतं. उलट त्याचा ड्रायव्हर मघाच्या यादीत वर येऊ शकतो. एक अपवाद आहे आणि तो तुझ्याच धंद्यातला. तू जुन्या गाण्यातून गळा वेगळा काढत असशील. अल्टिमेट व्होकल रिमूव्हरसारखं प्रोग्रॅम एनव्हिडियाच्या कार्डावर चालवलं की प्रोसेसरपेक्षा पुष्कळ लवकर मोकळं होतं. पण दिवसाला दोन गाणी काढायची असतील तर तेवढ्यात चहा होतो. त्यासाठी महागडं कार्ड घेऊ नकोस, सगळ्यात खालचं चालेल. (दुसऱ्याच्या गाण्यावरचा रिमिक्स ऑनलाइन टाकल्यावर कॉपीराइटचा दावा येतो, तो कुठलंही कार्ड थांबवत नाही. स्वतःचे ट्रॅक वाढव.)

आता सरांचा मॅक. मॅकमध्ये आवाजाची व्यवस्था, म्हणजे कोअर ऑडिओ, सिस्टिममध्येच आहे. वेगळा एसिओ ड्रायव्हर शोधावा लागत नाही. विंडोजवर तो लागतो; एसिओ स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७मध्ये काढला. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये एम१ आल्यापासून मॅक कमी तापतात आणि पंख्याचा आवाज जवळपास येत नाही. व्होकल घेणाऱ्याला हे वरदान आहे. एम४चा मॅक मिनी २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला, तेव्हा भारतात त्याची किंमत ५९,९०० होती. त्यात ४ जोरदार आणि ६ काटकसरीचे कोअर, १६ जीबी रॅम. या किमतीत इतका शांत आणि इतका वेगवान डबा मी दुसरा बघितलेला नाही, हे सरळ कबूल करतो. पॉवरचं बटण तळाला का दिलंय, ते मात्र देव जाणे.

पण तुझ्यापुरतं बघू. मिनीला स्क्रीन, कीबोर्ड, माउस वेगळा. साधे चौकोनी यूएसबीचे पोर्ट त्याला नाहीत, म्हणून हब. आतली जागा २५६ जीबी आणि जास्तीची घ्यायला गेलास तर अॅपल सोन्याच्या भावानं विकतं; त्यापेक्षा बाहेरून एसएसडी जोड. रॅम नंतर वाढवता येत नाही. एफएलची अडचण नाही, २०१८पासून ते मॅकवर आहे आणि एकच लायसन्स दोन्हीकडं चालतं. अडचण येईल ती तुझ्या प्लगइनची. तुझ्याकडं पेन ड्राइव्हमधून फिरत आलेले जुने ३२ बिटचे फुकट प्लगइन असतील, हलगी-संबळचे कुणीतरी बनवलेले सॅम्पलर असतील. त्यातले बरेच फक्त विंडोजचे. मॅकनं ३२ बिट २०१९मध्ये कायमचं बंद केलं. जुने प्रोजेक्ट उघडले की रिकामी खोकी दिसतील. आणि क्रॅक केलेलं काही असेल, असेलच, तर ते मॅकवर नेण्याच्या भानगडीत पडू नकोस. विंडोजवरही अचानक बंद पडण्याची निम्मी प्रकरणं मी तिथंच पोचलेली बघितलीत. एफएलच्या ट्रायलमध्ये सगळं वापरता येतं, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही. विकत घेतलंस की पुढची सगळी अपडेट आयुष्यभर फुकट. घेताना प्रोड्यूसर आवृत्ती घे. सगळ्यात स्वस्त आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्ड करता येत नाही, आणि व्होकल घ्यायचे तर तेच लागतं. लॉजिक प्रो हे अॅपलचं म्युझिकचं प्रोग्रॅम मात्र विंडोजवर चालत नाही. सर लॉजिकवर शिकवत असतील तर त्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं.

रॅम १६ जीबी घे. ८मध्ये विंडोज, ब्राउजर आणि एफएल एकत्र बसले की एकमेकांच्या मांडीवर बसतात. ३२ लागते ती काँटॅक्ट नावाच्या सॅम्पलरमध्ये अख्खा व्हायोलिनचा ताफा भरणाऱ्याला. सिंथवाल्याला नाही. एक १६ची कांडी घेण्यापेक्षा दोन ८च्या बऱ्या. पण एक खाच मोकळी राहून पुढं वाढवायची असेल तर एकच घे, चालतं.

एसएसडीच्या वेगावरून दुकानदार फार बडबडतात, तिथं एक हिशेब करून दाखवतो. २४ बिटचा एक स्टिरिओ ट्रॅक सेकंदाला ४४,१०० × २ × ३, म्हणजे २,६४,६०० बाइट खातो. असे ४० ट्रॅक एकदम वाजवले तरी सेकंदाला साधारण साडेदहा एमबी. आजची साधी साटा एसएसडीसुद्धा पाचशेच्या आसपास देते. म्हणून वेगासाठी नको, जागेसाठी पैसे दे. ५१२ जीबीच्या खाली जाऊ नकोस, आणि दर आठवड्याला प्रोजेक्टची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर.

एक प्रश्न तू विचारलाच नाहीस, आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी यायला हवा होता: तू वाजवतोस की माउसनं नोटा काढतोस? माउसनं काढत असशील तर बफर १०२४वर ठेवून मध्यम मशीनवरही मजेत राहशील. कीबोर्डवर हातानं वाजवत असशील, किंवा गायकाला हेडफोनमध्ये त्याचाच आवाज ऐकवत असशील, तर बफर १२८पर्यंत खाली आणावा लागतो आणि तिथं मशीनचा कस लागतो. अंदाज यावा म्हणून सांगतो: आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो. १२८चा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, स्पीकर एक मीटरवर ठेवल्यासारखं. ५१२ म्हणजे चार मीटर. १०२४ म्हणजे आठ मीटर. हलगीवाला मांडवाच्या त्या टोकाला आणि ताल तुला या टोकाला धरायचाय. प्रत्यक्षात त्याच्यावर इंटरफेसचा (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि यूएसबीचा वेळ चढतो तो वेगळाच. म्हणून स्वतःचा एसिओ ड्रायव्हर असलेला साधा दोन इनपुटचा इंटरफेस हा मला कॉम्प्युटरचाच भाग वाटतो. अगदी स्वस्त काही इंटरफेस स्वतःचा ड्रायव्हर देत नाहीत आणि एसिओफोरऑल नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरायला सांगतात. कंपनीच्या साइटवर आधी बघून घे. आणि ९६,०००च्या सॅम्पल रेटचा मोह नको. काम दुप्पट होतं, आणि तुझे ट्रॅक शेवटी फोनवर आणि मिरवणुकीतल्या बॉक्सवरच ऐकले जाणार आहेत.

विजेबद्दल मात्र जरा थांबतो, कारण हे बाहेरच्या सल्ल्यांत सापडणार नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून 'घूंऽऽ' येते आणि काढला की जाते? बहुतेक वेळा तो लॅपटॉपचा दोष नसतो, अर्थिंगचा घोळ असतो. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर संशय आणखी वाढतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावर लाव. इंटरफेसकडून स्पीकरकडं जाणारी केबल बॅलन्स्ड घे, म्हणजे टोकाला दोन काळ्या रिंगा असलेली. तीन पिनेतली मोठी पिन काढून टाकायची युक्ती कुणी सांगितली तर त्याला नमस्कार करून घरी पाठव. घरच्या इन्व्हर्टरवर काम करणार असशील तर तो स्क्वेअर वेव्हचा नाही ना ते बघ; त्याची गुरगुर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. आणि डेस्कटॉप किंवा मॅक मिनी घेतलास तर यूपीएसचे पैसे त्याच ८०,०००त धर. लॅपटॉपला बॅटरी असते, ही गावाकडं लहान गोष्ट नाही.

असेंबल केलेला डेस्कटॉप पैशाला सगळ्यात जास्त देतो, यात वाद नाही. मुंबईत असतास तर लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार फिर म्हटलं असतं. डबा टेबलाखाली ठेवला, कूलर मोठा आणि संथ फिरणारा घेतला, की आवाजाचाही प्रश्न मिटतो. एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, कंजूषी नको, एवढंच. ऑफिसमधून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, त्यात बघायचं ते विंडोज ११. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते.

तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं? तुझे जुने प्लगइन विंडोजचे, वीज बेभरवशाची, रेकॉर्डिंगला कधी मित्राकडं जायचं. मी एच प्रोसेसरचा, १६ जीबीचा, खालच्यातल्या खालच्या कार्डाचा गेमिंग लॅपटॉप साठ-बासष्टच्या आसपास घासाघीस करून घेतला असता. उरलेल्यात इंटरफेस आणि कान झाकणारे बंद हेडफोन. व्होकल घेताना लॅपटॉप दोन मीटर लांब, माइकच्या पाठीमागं. तू मला सांगितलं असतंस की सगळं नव्यानं सुरू करायचंय, जुनं काही उघडायचं नाही आणि घराबाहेर न्यायचं नाही, तर बोलणं संपवून मॅक मिनी म्हटलं असतं.

घेतल्यावर खोकं आणि बिल लगेच माळ्यावर टाकू नकोस. बदलून मिळण्याची मुदत किती दिवसांची, ते दुकानातच बिलावर लिहून घे. पहिल्या रात्री तोच कडकडणारा प्रोजेक्ट लाव. बफर २५६, चार्जर जोडलेला, पंखा बंद, दार बंद, अर्धा तास लूपवर. पहिल्या पाच मिनिटांचं कौतुक करू नकोस, शेवटची पाच मिनिटं कान देऊन ऐक आणि अंडररन्सचा आकडा बघ. मग वाय-फाय चालू ठेवून लेटन्सीमॉन दहा मिनिटं. अंडररन्सचा आकडा शून्यावर राहिला तर खोकं माळ्यावर. नाही राहिला, तर लेटन्सीमॉनच्या यादीत सगळ्यात वर कुठली फाईल आहे तिचा फोटो काढून मला पाठव.